मामा म्हणतो, लॅबमधली तिसऱ्यांची बाटली घेऊन ये

पत्र (जरा छोटं केलंय):

"मावशी, मी एमएस्सीच्या शेवटच्या सेमला आहे, फोंड्याजवळ राहते. माझं डिझर्टेशन तिसऱ्यांच्या (आपल्या खाण्यातल्या शिंपल्यांच्या) अर्कावर आहे. मांस मिथेनॉलमध्ये ठेवून अर्क काढायचा आणि कॅन्सरच्या सेल्सवर टाकून बघायचा. गेल्या महिन्यात एमसीएफ-७ नावाच्या कॅन्सरच्या सेल्सवर एमटीटी ही टेस्ट केली तर सगळ्यात वरच्या डोसला, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम पर एमएलला, ७८ टक्के सेल्स मेलेले दिसले. आनंदाच्या भरात प्लेटचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमच्या तिसऱ्यांनी कॅन्सरला मारलं'. आता झालंय असं की माझ्या मामाला (डिचोलीला असतो, ५६ वर्षांचा) मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, ऑपरेशन झालं, आठातले तीन केमो झाले, आणि तो म्हणतो आता चौथा घेणार नाही, तिसऱ्याच घेणार. मामी रोज सकाळी त्याला तिसऱ्यांचं पाणी देते, जास्त उकळत नाही कारण कोणीतरी सांगितलं गुण जातो. मावसभावाने ऑनलाईन शिंपल्याच्या कॅप्सूल मागवल्यात. आणि मामाने मला फोन करून सांगितलं, लॅबमधली एक बाटली घेऊन ये, तुझ्या हातचं औषध घेईन. मी हो पण म्हणाले नाही, नाही पण म्हणाले नाही. आई म्हणते द्यायला काय झालं, शेवटी तिसऱ्याच ना त्या. मी काय करू? – एक भाची"

अगो बाय, आधी बाटलीचं सांगते, बाकीचं मागाहून. बाटली न्यायची नाही. थेंबभर सुद्धा नाही, वासापुरती सुद्धा नाही. आईला सांग की बाटलीत आहे ते तिसऱ्या नव्हेत, तिसऱ्या मिथेनॉलमध्ये भिजवून, गाळून, रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या मशीनवर) सुकवून जे चिकट तपकिरी उरतं ते आहे, आणि तू कितीही सुकवलंस तरी त्यात मिथेनॉल किती राहिलंय हे तू मोजलेलं नाहीस (मोजलं असशील तर कळव, मी माफी मागते). विषारी दारू पिऊन लोकांचे डोळे जातात ना, ते याच मिथेनॉलने. त्यावर तू सेल्सवर टाकायला तो अर्क डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवला असणार. लॅबच्या फ्रीजरमधल्या डबीतली, जिच्या शेजारी कोणाचे बॅक्टेरिया आणि कोणाचं काय काय ठेवलेलं असतं, असली वस्तू ऑपरेशन झालेल्या आतड्यात पाठवायची? आई म्हणते तिसऱ्याच ना. मग आईलाच विचार, त्याच डबीतलं चमचाभर हुमणात घालशील का.

आता तुझ्या प्लेटकडे येऊ, कारण खरा घोळ तिथेच सुरू झालाय आणि तुला तो समजल्याशिवाय तू मामाला समजावणार कशी.

त्या फोटोत काय दिसतं आठव. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, एका बाजूला गडद जांभळे खळगे, दुसऱ्या बाजूला फिके होत होत जवळजवळ पांढरे. ग्रुपवर सगळ्यांना वाटलं असेल जांभळं म्हणजे कॅन्सर आणि तो धुवून निघाला. खरं तर एमटीटी हे पिवळं मीठ, जिवंत सेल त्याचं जांभळं फॉर्मेझान करतो, मग ते विरघळवून तू ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतलंस. म्हणजे तू मोजलंस ते सेल्सचं 'काम', मेलेले सेल्स तू मोजले नाहीस. सेल दमला, उपाशी राहिला, नुसता वाढायचा थांबला तरी जांभळं कमीच येतं. ७८ टक्के मेले हे वाक्य आपण सगळेच बोलतो, मी पण बोललेय, पण डिझर्टेशनमध्ये 'व्हायबिलिटी ७८ टक्क्यांनी कमी' लिही, नाहीतर व्हायवाला बाहेरचे सर तिथेच पकडतील.

माझी एक फजिती सांगते, म्हणजे तुला वाटणार नाही की मावशी वरून बोलते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका लॅबमध्ये कामाला होते, नाव नको, आणि आम्ही खाडीतल्या शिनाण्यांचा (त्याही शिंपल्याच) अर्क काढला होता. पहिल्याच प्लेटला सगळे सेल्स साफ. मी इतकी नाचले की कँटीनमधून सगळ्यांसाठी समोसे आणले. चार दिवसांनी आमच्या एका शांत स्वभावाच्या सिनियरने, जो समोसा खाऊन काही बोलला नव्हता, मला विचारलं की मीठ काढलंस का. मला कळेना कसलं मीठ. समुद्रातल्या प्राण्याच्या अंगात मीठ असतंच, ते पाण्यातल्या आणि मिथेनॉलच्या अर्कात येतं, आणि खारट मीडियममध्ये सेल आपसूक सुकून मरतो. आम्ही नुसतं तेवढंच मीठ घालून एक प्लेट लावली. सगळे सेल्स साफ. म्हणजे मी काय शोधून काढलं होतं तर मीठ. समोशांचे पैसे पण माझेच गेले होते.

तर तुझ्या अर्कातलं मीठ काढलं होतं का? डीएमएसओ शेवटी किती टक्के राहिला, अर्ध्या टक्क्याच्या वर गेला का, आणि नुसत्या डीएमएसओचे खळगे लावले होतेस का? अर्काचा स्वतःचा रंग वजा केलास का, कारण तपकिरी अर्क रीडिंगमध्ये लुडबूड करतो, कधी कधी तर तो सेल्स नसतानाही एमटीटीला जांभळं करतो. आणि सगळ्यात मोठं, साध्या निरोगी सेल्सवर टाकून बघितलंस का? तुझ्या पत्रात त्याचा एक शब्द नाही. कॅन्सरचे सेल्स मारणं अवघड नाही ग, व्हिनेगर मारतं, साबण मारतो, फिनेल तर किती छान मारेल. कॅन्सरचे मरायला हवेत आणि बाजूचे जगायला हवेत, सगळी मारामारी त्याचीच आहे.

डोसचं पण बघ. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा जुना ठोकताळा असा की कच्च्या अर्काने साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम पर एमएलच्या आत अर्धे सेल्स अडवले तर पुढे जाण्यासारखं काही आहे म्हणायचं. तुझे ७८ टक्के ५०० ला आहेत. तुझा आयसी-५० (म्हणजे अर्धे सेल्स अडवणारा डोस) किती आला ते तू लिहिलं नाहीस, पण मला भीती आहे की तो शेकड्यात असणार. काम वाईट नाही, एमएस्सीच्या हिशेबाने चांगलं आहे, पण त्याला 'कॅन्सरला मारलं' म्हणणं म्हणजे आंब्याला मोहोर आला म्हणून साखरेची ऑर्डर देणं. आणि एमसीएफ-७ हे स्तनाच्या कॅन्सरचे सेल्स, १९७० साली एका बाईपासून घेतलेले आणि तेव्हापासून बाटल्यांतून वाढवत आणलेले. मामाचा आजार आतड्याचा. हे एवढं एक वाक्य जरी तू त्या फोटोखाली लिहिलं असतंस ना, तर निम्मं रामायण टळलं असतं.

पण म्हणून मामाला 'सगळं खोटं आहे' असं सांगायला जाऊ नकोस, कारण ते खोटं नाहीच, आणि त्याला ते कळेल. समुद्रातून कॅन्सरची औषधं आलीत. सायटाराबिन घे, ल्युकेमियात वापरतात, त्याचं मूळ कॅरिबियनमधल्या एका स्पंजात सापडलेल्या पदार्थांमध्ये, १९५० च्या सुमाराचं काम, औषध म्हणून मान्यता १९६९ ची. ट्रॅबेक्टेडिन हे समुद्रातल्या असिडियन नावाच्या पिशवीसारख्या प्राण्यापासून आलं, युरोपात २००७ ला मंजूर. शंखशिंपल्यांच्याच खानदानात बघायचं तर समुद्री ससा म्हणतात तो बिनशिंपल्याचा गोगलगायीसारखा प्राणी, त्यातून डोलास्टॅटिन मिळालं, ते नुसतं द्यायला फार विषारी निघालं, मग त्याच्या धर्तीवर बनवलेला रेणू अँटीबॉडीला जोडून एक औषध केलं ते २०११ ला लिम्फोमासाठी मंजूर झालं. गंमत म्हणजे नंतर कळलं की ते डोलास्टॅटिन तो ससा बनवतच नाही, तो जे खातो त्या सायनोबॅक्टेरियाचं ते. आणि थेट तिसऱ्यांच्या जातीतलं हवं असेल तर उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या एका क्लॅममधून स्पिसुलोसिन मिळालं, ते माणसांवरच्या पहिल्या फेजपर्यंत पोचलं. पुढे त्याचं औषध झालं नाही. मामा 'तिसऱ्यांचं औषध' म्हणतो त्याच्या सगळ्यात जवळ गेलेली गोष्ट ही, आणि तिचं हे असं झालं.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट. जपानमध्ये हॅलिकॉन्ड्रिया ओकाडाई नावाचा काळा स्पंज आहे. १९८६ मध्ये त्यातून हॅलिकॉन्ड्रिन बी नावाचा रेणू वेगळा केल्याचं प्रसिद्ध झालं, आणि ६०० किलो स्पंजातून तो मिळाला किती, तर साडेबारा मिलिग्रॅम. ६०० किलो म्हणजे टेम्पो भरून. साडेबारा मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे काही दाणे. मग केमिस्ट लोकांनी वर्षानुवर्षं खपून त्याचा कामाचा भाग लॅबमध्ये बनवला, त्याचं एरिब्युलिन झालं, २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर. आणि त्याच स्पंजातून, अगदी त्याच, त्याच्या आधी एक दुसरा रेणू निघाला होता, ओकाडाइक ॲसिड. प्लेटमध्ये बघशील तर तो पण कॅन्सरचे सेल्स भराभरा मारतो, तू नाचशील. आणि उंदराच्या कातडीवर लावला तर तो गाठी वाढवायला मदत करतो. एक स्पंज, दोन रेणू, प्लेटवर दोघांचा चेहरा सारखाच.

हे ओकाडाइक ॲसिड आता मामीच्या स्वयंपाकघरात येतं बघ. ते मुळात पाण्यातल्या बारीक शेवाळासारख्या जिवांचं, आणि शिनाण्या, तिसऱ्या, कालवं पाणी गाळून खातात म्हणून तसल्या पाण्यात ते त्यांच्या अंगात साठतं, खाणाऱ्याला जुलाब आणि उलट्या. उकळल्याने जात नाही. प्रत्येक वाट्यात ते असतं असं नाही, आपण गोंयकार जन्मभर तिसऱ्या खातो आणि धडधाकट असतो. पण तिसऱ्या म्हणजे नदीची गाळणी, आपल्या मांडवी-जुवारीतून इतकी वर्षं खनिजाच्या बार्जी गेल्या त्या काय हवेतून गेल्या नाहीत. निरोगी माणसाच्या ताटात महिन्यातून चारदा एकशिपी वेगळी, आणि केमोतल्या माणसाला रोज उपाशीपोटी अर्धं कच्चं पाणी वेगळं. ते पाणी आजच बंद करायला सांग, उद्या नव्हे.

का, ते मामीला असं सांग. केमोनंतर आठवडा-दोन आठवडे पांढऱ्या पेशी खाली येतात. तेव्हा कच्च्या-अर्ध्याकच्च्या शिंपल्यातले व्हिब्रियोसारखे बॅक्टेरिया, जे आपलं फार तर पोट बिघडवतील, ते त्याच्या रक्तात जाऊ शकतात. दुसरं, आतड्याच्या कॅन्सरला बहुतेक वेळा देतात त्या केमोत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असतात (मामाच्या गोळ्यांचं नाव बघून घे, तीन आठवड्यांनी एक सायकल म्हणजे तेच असावं), त्या गोळ्यांनीच जुलाब होतात आणि कधी कधी इतके की ॲडमिट करावं लागतं. आता समज मामाला रात्री दहा वेळा जावं लागलं. डॉक्टरला कसं कळणार गोळीने झालं की तिसऱ्यांनी, आणि त्याला तर तिसऱ्यांचं कोणी सांगितलेलंच नाही. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल, हे फ्रीजवर कागद लावून लिहा. तिसऱ्या त्याला आवडतातच आणि तोंडाला चव नाही म्हणून हव्या असतील तर डॉक्टरला विचारून, ताज्या आणून, शिंपी उघडल्यावर पण चार-पाच मिनिटं नीट उकळून, न उघडलेल्या फेकून, मग सुकं करून दे. जेवण म्हणून. औषध म्हणून नव्हे.

कॅप्सूलचं मी थोडक्यात संपवते. शिनाण्यांच्या अर्काच्या कॅप्सूल असतात, कोचीच्या सीएमएफआरआय या सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेने पण काढल्यात, पण त्या सांधेदुखीसाठी. कोणी कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करून विकत असेल तर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने ती जाहिरातच गुन्हा आहे, मावसभावाला एवढं सांग आणि रिटर्न होतात का बघायला सांग. डबी फेकू नका, ऑन्कोलॉजिस्टला दाखवा.

आता मामा. तुझ्या पत्रात एक वाक्य मला सापडलं नाही आणि तेच मी शोधत होते, की तो चौथा केमो का नको म्हणतो. तिसऱ्यांवर विश्वास बसला म्हणून कोणी केमो सोडत नाही ग, केमो सोसवत नाही म्हणून तिसऱ्यांवर विश्वास बसतो. त्या केमोत ऑक्झालिप्लॅटिन असेल, आणि बहुतेक असणार, तर त्याला थंड वस्तूला हात लावला की करंट लागल्यासारखं होत असेल, बोटं बधिर, फ्रीजचं पाणी गिळताना घशात काटे. डिचोलीसारख्या ठिकाणी राहिलेला माणूस, आयुष्यभर सकाळी नळाखाली तोंड धुतलेला, कदाचित स्वतः नदीत उतरून तिसऱ्या काढलेला, त्याला आता पाण्यात हात घालवत नाही. मला कोणी असं केलं असतं तर मी पण भाचीला फोन लावला असता.

आणि हे तो डॉक्टरला सांगत नसणार. आपले पुरुष ओपीडीत 'बरा आसा' म्हणून बाहेर येतात आणि घरी येऊन सोडून देतो म्हणतात. डॉक्टरकडे यावर करण्यासारखं आहे, डोस कमी करतात, ऑक्झालिप्लॅटिन थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवतात, सायकल आठवडाभर पुढे ढकलतात, काही जणांना तर आठाऐवजी चारच पुरतात, ते त्याच्या रिपोर्टवर ठरतं आणि ते ठरवणारे आपण नव्हे. पण त्यासाठी त्याने तोंड उघडायला हवं. म्हणून तू काय कर, येत्या रविवारी डिचोलीला जा, फोनवर नको. मामी असू दे, आई असू दे, पण आधी त्याच्याशी तू एकटी बस. असं काहीतरी म्हण, तुझ्या भाषेत:

'मामा, फोटोखाली मी लिहिलं ते चुकीचं लिहिलं. माझी टेस्ट खरी आहे पण ती प्लास्टिकच्या प्लेटवरची आहे, दुसऱ्या कॅन्सरची आहे, आणि माणसाला द्यायला ती अजून दहा पायऱ्या लांब आहे. ती बाटली मी तुला देणार नाही कारण त्यात मिथेनॉल राहिलेलं असू शकतं. पण चौथ्या केमोला मी तुझ्याबरोबर येते, आणि आत जाऊन तुझ्या बोटांचं मी सांगते, तू गप्प बसलास तरी.'

तो चिडेल. म्हणेल शिकून शहाणी झालीस. म्हणू दे. 'तुझ्या हातचं औषध घेईन' हे त्याने औषधासाठी म्हटलेलं नाही, हातासाठी म्हटलंय, तो हात तू हॉस्पिटलच्या खुर्चीशेजारी बसून दे. जाताना हातमोजे घेऊन जा, लोकरीचे असले तरी चालतील, केमोनंतर फ्रीज उघडायला लागतात. आणि सगळं ऐकून, डॉक्टरशी बोलून, तरीही तो नको म्हणाला तर शरीर त्याचं आहे, भांडण करू नकोस. फक्त तुझ्या प्लेटच्या जोरावर नको म्हणत असेल तर ती प्लेट त्याच्या हातातून काढून घेणं तुझं काम, कारण तूच दिलीस.

ग्रुपवर पण लिही. फोटो डिलीट करून उपयोग नाही, तो कुठल्या कुठे गेला असेल. त्याच फोटोला रिप्लाय करून चार ओळी, टेस्ट कशावर केली, काय कळलं, काय कळलं नाही, आणि कोणीही यावरून तिसऱ्यांचं पाणी कोणाला देऊ नका. लाज वाटेल, एक दिवस वाटेल.

आणि डिझर्टेशन सोडून देऊ नकोस, मला माहीत आहे तुझ्या मनात तेही आलं असणार. मीठ काढून परत कर. नुसत्या डीएमएसओचे, नुसत्या मिठाचे आणि सेल्स नसलेले खळगे लाव, तीन तीन, कडेची रांग सोडून, तिथलं पाणी उडतं. एखादं ओळखीचं औषध, डॉक्सोरुबिसिन वगैरे, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेव. गाइडला सांगून पुण्याच्या एनसीसीएस या सेल्सच्या सरकारी संशोधन संस्थेकडून निरोगी सेल्सची एखादी लाइन मिळते का बघ, आणि जमलं तर आतड्याच्या कॅन्सरची पण. वेळ उरला तर अर्काचे दोन-तीन फ्रॅक्शन पाडून कुठल्या भागात दम आहे ते बघ, तिसऱ्या कुठल्या नदीच्या, कुठल्या महिन्यातल्या ते नीट लिहून ठेव, पुढच्या वर्षी कोणी परत करायला घेतलं तर तेच लागतं. मिथेनॉलचं उरलेलं सॉल्व्हंटच्या कॅनमध्ये टाक, सिंकमध्ये नव्हे.

निरोगी सेल्सचा रिझल्ट आला की मला कळव, ते सगळे मेले तरी कळव. आणि मामाचा चौथा कधी आहे ती तारीख पण.

– मावशी